पुलापासून पुलापर्यंत

आमच्या कॉलनीतल्या लोकांना रविवारचं काय करायचं असतं हे कधीच कळलेलं नाही. उशिरा उठायचं, दाढी न करता ओट्यावर बसायचं, शेजाऱ्याच्या पेपरातलं राशिभविष्य वाचायचं आणि दुपारी इतकं जेवायचं की संध्याकाळपर्यंत कोणी हाक मारली तर 'ओ' देता येऊ नये. हे मी त्यांना तोंडावर सांगत आलो आहे. त्यामुळे कॉलनीत माझ्याबद्दल कोणाचं मत चांगलं नाही. 'निसळांना दुसऱ्यांना नावं ठेवल्याशिवाय अन्न पचत नाही' असं शेजारच्या रतनबाई म्हणतात, आणि त्या जे म्हणतात ते भिंतीपलीकडे ऐकू येईल अशा बेतानं म्हणतात. म्हणोत. ज्यांच्या घरात एक धड पुस्तक नाही त्यांच्या मताला मी किती किंमत द्यायची?

नगरला लष्कराची छावणी असल्याचा एक फायदा असा की रद्दीच्या दुकानात विलायती मासिकं मिळतात. बाकीचे लोक ती शेंगदाण्याच्या पुड्यांसाठी घेतात, मी वाचायला घेतो. अशाच एका मासिकात मला तो लेख सापडला. विलायतेत समुद्रकाठी एक पूल आहे आणि पुलाशेजारी एक छोटा उपसागर. तिथे कोणीतरी दगडांच्या कपारीत एक डबा लपवून ठेवतो. डब्यात एक वही आणि एक रबरी शिक्का. डबा कुठे आहे ते कोड्याच्या भाषेत लिहून ठेवलेलं असतं. ते कोडं सोडवत लोक उपसागराच्या काठाकाठानं चालतात, डबा शोधतात, वहीत नाव लिहितात, शिक्का मारतात आणि डबा होता तिथे ठेवून घरी जातात. बक्षीस नाही, पैज नाही, भाषण नाही. शेजारी टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्या मडमेचा फोटो होता. हातात शिक्का आणि चेहऱ्यावर समाधान. आमच्या कॉलनीत असं समाधान मी फक्त रेशनवर रॉकेल मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना अंगणात जमवून ही कल्पना समजावून सांगितली. रंगनाथराव बोठे, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, हे आमच्या कॉलनीतले सर्वांत अनुभवी गृहस्थ. म्हणजे त्यांना प्रत्येक विषयात अनुभव असतो.

"डबा आपणच लपवायचा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि आपणच शोधायचा?"

"हो."

"मग लपवायचाच कशाला? सांगा ना कुठे आहे ते. जाऊन येऊ."

यावर मंडळींनी माना डोलावल्या. रतनबाईंनी डब्यात खायचं काय असेल ते विचारलं. वही आणि शिक्का, असं मी सांगितल्यावर त्यांनी आमच्या हिच्याकडे इतक्या कळवळ्यानं पाहिलं की मला उठून घरात जावंसं वाटलं. हिनं मात्र नेमका मुद्दा काढला. "समुद्र कुठून आणणार?" ती म्हणाली. नगरकरानं समुद्राचं नाव काढावं हे जरा धाडसाचंच होतं. त्यातून ते बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. अर्थात आमच्या कॉलनीत दुष्काळ आला तो रेशनवरच्या मिलो नावाच्या लाल धान्यापुरता. त्याच्या भाकरी तुटत नाहीत ही तक्रार मी लेखी केली होती आणि दुष्काळाचा विषय माझ्यापुरता तिथेच संपला होता.

समुद्राची सोय रंगनाथरावांनी केली. घोडेगावच्या पुढे, सडक सोडून थोडं आत गेलं की ओढ्यावर एक जुना पूल आहे आणि पुलाला लागून एक पाझर तलाव. तलावाचं पाणी डोंगराच्या बगलेत वाकून शिरतं. "त्याला उपसागर म्हणायचं तर म्हणा," ते म्हणाले, "तुम्हाला कोण अडवणार?" मला कोणी अडवलं नाही, हीच तर या गोष्टीतली सगळ्यात वाईट बाब आहे.

डबा हिनं दिला. डालडाचा मोठा, झाकणाचा. "परत आला पाहिजे," असं तिनं दोनदा बजावलं. वही मी स्वतः शिवली आणि पहिल्या पानावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'उपसागर-परिक्रमा'. शिक्क्यासाठी बाजारातल्या शिक्केवाल्याकडे गेलो. मला हवा होता पूल, खाली पाण्याच्या लाटा आणि एका पायावर उभा बगळा. शिक्केवाल्यानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "खातं कोणतं?"

"खातं नाही. छंद आहे."

त्यानं मान हलवली आणि चार दिवसांनी जो शिक्का दिला तो गोल होता. कडेनं 'अहमदनगर जिल्हा' अशी अक्षरं होती, खाली दोन चांदण्या होत्या. मी ही अक्षरं सांगितली नव्हती. तो म्हणाला, "साहेब, गोल शिक्क्याची कड मोकळी ठेवली तर शिक्का नागडा दिसतो." पूल चांगला उमटला होता, पण बगळा इतका बारीक झाला होता की तो काहीही असू शकला असता. एकूण शिक्का बघून खातं कोणतं ते कळत नव्हतं. पण खातं आहे, एवढं नक्की कळत होतं. मला हे तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण मी स्वतः सरकारी कचेरीत वरिष्ठ कारकून. हेडक्लार्कच्या जागेसाठी माझं नाव वर गेलेलं होतं. पण सुंदर गोष्टीपुढे माणूस थोडा ढिला पडतो.

डबा ठेवायला मी आणि रंगनाथराव एका रविवारी गेलो. तलावात पाणी म्हणाल तर म्हैस बसली तर पाठ कोरडी राहील एवढं. बाकी नुसता तडकलेला गाळ. मी तरी त्याला उपसागरच म्हणत राहिलो. कोडं मी घरूनच रचून आणलं होतं. 'सेतूच्या वामांगी उभा राहून अस्ताचलाकडे दृष्टी लाव. जेथे वक्र बाभूळ जलाशयास वंदन करते तेथून टेकडीची कूस धर...' असं बरंच. त्याची एक प्रत मी पुलाच्या कठड्याला खळीनं चिकटवली. रंगनाथरावांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "यावरून कॉलनीतली बायकामंडळी सेतूच्या वामांगी उभीच राहतील संध्याकाळपर्यंत. मी फक्की आणली आहे. एक रेघ मारून ठेवू."

कोड्याच्या खेळात चुन्याची रेघ मारणं म्हणजे परीक्षेला बसलेल्या पोराच्या हातात उत्तरं देण्यासारखं. पण कॉलनीची बुद्धी मला माहीत होती. शिवाय पिशवी रंगनाथरावांनी उचलून आणली होती, ती तशीच परत न्यायची त्यांची तयारी नव्हती. मी पुढे चालायचं आणि त्यांनी माझ्यामागून फक्की सोडत यायचं असं ठरलं. एका काटेरी झुडपाला मी डावीकडून वळसा घातला, रेघेनं घातला. एक खोंड शिंगं रोखून उभा होता, त्याच्यापासून मी बराच लांबून गेलो, रेघही लांबून गेली. टेकडीच्या कुशीत माझा पाय मुरुमावरून निसटला आणि मी बसल्या बसल्या बराच खाली आलो. रंगनाथराव तिथेही इमानानं फक्की सोडत आले. बांधकाम खात्यात त्यांचं नाव का होतं ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी आम्ही तलावाला वळसा घालून पुन्हा पुलाशी आलो. डबा वाकड्या बाभळीखाली दगडांत ठेवला आणि मी धोतर झाडलं.

बाभळीपलीकडे पाच-सहा माणसं बसलेली होती. वाडीतली असावीत. ती केव्हापासून आमच्याकडे बघत होती कोण जाणे. त्यांतली एक उंच, वाळलेली बाई पुढे आली. तिचं नाव झुंबरबाई, हे मला पुढे फार चांगलं पाठ झालं.

"सायेब, हे कशाचं वो?"

"चालण्याचं," मी म्हणालो. "पुलापासून निघायचं, रेघेरेघेनं पुलापर्यंत यायचं. इथे डब्यात वही आहे. नाव लिहायचं, शिक्का मारायचा."

"आमची नावं चालत्याल?"

"न चालायला काय झालं? सगळ्यांना मोकळं आहे. बाया, पुरुष, म्हातारे, कोणीही यावं."

"आन लिव्हता येत न्हाई त्यानं?"

"अंगठा लावावा," मी उदारपणे म्हणालो.

"कवापास्नं?"

"आता सुरूच झालं म्हणा."

तिनं पदरानं डोळे टिपले. "लई उपकार झालं, सायेब," ती म्हणाली आणि मागच्या सगळ्यांनी हात जोडले. माझा ऊर भरून आला. कॉलनीतल्या शिकलेल्या माणसांना जी गोष्ट तासभर समजावून कळली नाही, ती या अडाणी बाईला एका मिनिटात कळली होती! एसटीत मी रंगनाथरावांना हे चार वेळा ऐकवलं.

पुढच्या रविवारी कॉलनी निघाली. माझा खेळ कोणाला बघायचा नव्हता, पण पुरी-भाजी न्यायची ठरली होती. पुलाजवळ उतरवताना कंडक्टर म्हणाला, "जत्रा हाय का इथं? आठवडाभर सारखी माणसं उतरत्यात."

रंगनाथराव पुढे गेले आणि थबकले. "निसळ," ते म्हणाले, "तुमच्या फक्कीवर माणसं आहेत."

माणसं कसली, माणसांची रांग होती. वाडीतली होती, शेजारच्या वाड्यांतली होती. कुदळी चालल्या होत्या, पाट्या डोक्यावरून जात होत्या. माझ्या रेघेवर रस्ता उठला होता! दोन्ही कडांना दगड लागले होते, मधे मुरूम पडला होता. काटेरी झुडपाला वळसा होता. खोंड केव्हाच निघून गेला होता, पण त्याच्यापासून लांब राहून रस्ता गेला होता. मी घसरलो तिथे रस्ताही तिरका खाली उतरत होता आणि बाया ती घसरण धुमसानं चोपून पक्की करत होत्या.

वाकड्या बाभळीखाली एक गृहस्थ डालडाच्या डब्यावर बसले होते. हे कारभारी. आधी दुसऱ्या एका दुष्काळी कामावर मुकादम होते, ते काम बंद पडलं तसे घरी बसले होते. माझी वही त्यांच्या मांडीवर होती. पानंच्या पानं अंगठ्यांनी भरली होती आणि प्रत्येक अंगठ्याशेजारी पूल, लाटा आणि न ओळखू येणारा बगळा.

"रामराम सायेब," ते उठत म्हणाले. "हजेरी चोख हाय. शिक्का उघड्यावर ठिवनं बरं न्हवं, म्हून डबा बुडाखाली घेतला. हुकूम बी जपून ठिवलाय."

हुकूम म्हणजे कठड्यावरचं माझं कोडं. ते बाभळीच्या खोडाला सुतळीनं बांधलं होतं. "तुम्ही वाचलंत ना हे?" मी ओरडलो. "यात रस्त्याचं नाव तरी आहे का?"

"वाचलं की. एक अक्षर कळलं न्हाई," कारभारी आदरानं म्हणाले. "तवाच म्हनलं, सरकारी हाय."

मी एका दगडावर उभा राहिलो आणि सगळा खेळ पहिल्यापासून समजावून सांगितला. विलायत, मडम, उपसागर, काही सोडलं नाही. कुदळी थांबल्या. सगळे शांतपणे ऐकत होते. माझ्या मागे आमच्या मंडळींनी सतरंजी पसरली होती आणि तिच्यावर पुऱ्यांचे डबे होते. ते कोणी उघडत नव्हतं.

"म्हंजी चालायचं," झुंबरबाई सावकाश म्हणाली, "डबा हुडकायचा, शिक्का मारायचा आन घरला जायाचं?"

"बरोबर."

"आन पोटाला?"

"ते घरून आणायचं," मी म्हणालो. हे वाक्य मी परत घेऊ शकलो असतो तर घेतलं असतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्यांना उत्तर देता येतं. ती नुसती म्हणाली, "बैलं घोडेगावच्या बाजारात गेली. दुसऱ्या कामावर आमची नावं घेतली न्हाईत, म्हनले लई मानसं झाली. समद्या वाडीनं गठुडी बांधली हुती सायेब, मुलखाभाईर निघालो हुतो. तुमी म्हनलात सुरू झालं. म्हून सोडली. आता दाराला कड्या घालून कंच्या वाटेनं जाऊ, तेवढं सांगा."

मग हिनं पुऱ्यांचा पहिला डबा उघडला आणि पोराबाळांकडे निघाली. रतनबाईंनी दुसरा उचलला. त्या बाईबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण तेवढं सांगितलं पाहिजे. पुऱ्या दोन घासांत संपल्या. भाजी कॉलनीतल्या कोणी मागितलीच नाही.

"उद्या मी तालुक्याच्या कचेरीत जातो," मी म्हणालो. खरं तर मला त्याच एसटीनं नगरला पळायचं होतं. पण कारभारी म्हणाले, "आमी बी येतो संगट," आणि ते 'आमी' म्हणजे सगळे होते.

दुसऱ्या दिवशी मी नायब तहसीलदारांसमोर बसलो आणि बाहेर पायऱ्यांपासून वडापर्यंत माझी हजेरी बसली. नायबांनी वहीतला शिक्का उजेडाला धरून पाहिला.

"कोणतं खातं?"

"छंद."

"हे कुणाच्या अखत्यारीत येतं?"

मी परत विलायतेपासून सुरुवात केली. ते मधेच म्हणाले, "तुम्ही सरकारी नोकर आहात. सरकारी नोकर स्वतःच्या खर्चानं, सुटीच्या दिवशी, काही फायदा नसताना डबा लपवायला जाईल हे मी पटवून घेऊ? खरं सांगा, काम कोणी मंजूर केलं?"

"कोणीच नाही! बंद करा ते! मी तेच सांगायला आलो आहे."

असं म्हणताना माझी नजर खिडकीबाहेर गेली. झुंबरबाई पहिल्या पायरीवर बसून आतच बघत होती. मला लाज वाटली. माझी हेडक्लार्कची जागा, माझं नाव, खोटा शिक्का केल्याची चौकशी, हे सगळं डोळ्यांसमोर होतं, तरी लाज वाटली. "म्हणजे," मी म्हणालो, "बंद केलंच पाहिजे असं नाही."

नायब कपाळ चोळत होते. वरून त्यांना रोज विचारणा होत होती की तालुक्यात कामं का निघत नाहीत. इथे एक काम आपणहून निघालं होतं आणि त्यांना ते कुठे टाकावं कळत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "काम चालू आहे, हे तर खरं ना?"

"दुर्दैवानं."

"मग ते मला बंद करता येणार नाही. चालू काम बंद करायला वरची मंजुरी लागते. ती यायला पावसाळा उजाडेल." त्यांनी कागद ओढला. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा झाला. "कामाचं नाव?"

वहीच्या पहिल्या पानावर ते होतंच.

पुढे इंजिनिअर आले. त्यांनी टेकडीवरून सगळी वळणं पाहिली आणि खोंडाच्या वळणापाशी बराच वेळ उभे राहिले. रस्ता सरळ करायला रंगनाथरावांनी सुचवलं, पण आखणी आधीच झालेली होती आणि आखणी बदलायची तर सगळं पहिल्यापासून नव्यानं करावं लागलं असतं. म्हणून तो तसाच पुरा झाला. पुलापासून निघालेला, तलावाला वळसा घालून त्याच पुलाला परत येणारा. मला माझ्या कचेरीतून विचारणा आली, 'आपण परवानगीविना रस्ता का केला याचा खुलासा करावा.' मी खुलासा केला. तो वाचून साहेबांनी मला प्रकृतीची काळजी घ्यायला सांगितलं आणि हेडक्लार्कच्या जागेसाठी वर गेलेलं माझं नाव खाली आलं. कॉलनीत मला कोणी काही म्हटलं नाही. फक्त रविवारी सकाळी कोणीतरी ओट्यावरून विचारायचं, "काय निसळ, आज कुठे रस्ता?"

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. श्रावण उलटल्यावर ही म्हणाली, "माझा डबा." तेव्हा आम्ही दोघं परत गेलो. पुलाशेजारी पाटी होती, 'उपसागर परिक्रमा रस्ता'. तलाव काठोकाठ भरला होता. एका पायावर उभा असा एक बगळासुद्धा होता, शिक्क्यातल्यापेक्षा बराच मोठा. आम्ही पुलापासून पुलापर्यंत चाललो. मी घसरलो होतो तिथे हिनं माझा हात धरला. वाटेत आम्हाला एकही माणूस भेटला नाही, एक गाडी नाही, एक बैल नाही. इतका निरुपयोगी रस्ता मी आयुष्यात पाहिला नव्हता.

झुंबरबाई बाजरीत खुरपत होती. आम्हाला बघून ती बांधावर आली, घरात नेऊन तिनं गूळ-पाणी दिलं. डालडाचा डबा कोनाड्यात होता, झाकण घट्ट लावलेला. "पेरनीचं बी राखलंय त्यात," ती म्हणाली आणि डबा रिकामा करायला सूप शोधू लागली. ही म्हणाली, "राहू द्या हो. आमच्याकडे आहेत पुष्कळ." आमच्याकडे दुसरा डबा नव्हता.

मला मात्र राहवेना. निघताना मी म्हणालो, "अहो, एवढे महिने राबलात, पण हा रस्ता जातो कुठे? जिथून निघतो तिथेच येतो. काय उपयोग त्याचा?"

झुंबरबाईनं रस्त्याकडे पाहिलं, मग वाडीकडे. घराघरातून चुलीचा धूर निघत होता.

"कुठं बी जात न्हाई," ती म्हणाली. "म्हून तर आमी बी कुठं गेलो न्हाई."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो. बराच वेळ मी कोणालाही नावं ठेवली नाहीत. हिनं दोनदा माझ्याकडे काळजीनं पाहिलं. घोडेगावला कंडक्टरनं उगीचच गाडी थांबवून ठेवली, तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं.